शरयूताईंची फियाट, नवी सीट आणि एक पाट

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका वैतागला, की भर दुपारी त्यानं हातातला पाना भिरकावला आणि तो समोरच्या रसवंतीच्या पत्र्यावर जाऊन दणकन आदळला. रसवंतीवाला बाहेर येऊन आकाशाकडं बघायला लागला.

मला माहितीये, दृष्टांतातले शिष्य असं करत नाहीत. ते हात जोडून शंका विचारतात. पण हा शिष्य सांगलीतला होता, गाड्यांच्या कुशनच्या दुकानात काम शिकत होता, आणि खरं सांगू का, त्याच्या जागी मी असतो तर मीही फेकला असता. कारण त्याचा गुरू! ज्ञानी माणसांचा हाच तर वैताग असतो. ते आधी काही सांगत नाहीत. आधी तुमच्याकडून काहीतरी बिनडोक वाटणारं करून घेतात, चार लोकांसमोर तुमची शोभा करतात, आणि मग शांतपणे दोन वाक्यं बोलतात. अहो, ती दोन वाक्यं आधी बोला ना! पण नाही.

तर पहिल्यापासून सांगतो.

गुरूचं नाव दस्तगीरचाचा. गाडीच्या आतलं सगळं काम त्यांचं: सीट, छत, दाराचं अस्तर. सांगली-मिरजेकडची जुनी गाडी असेल, तर तिची एखादी तरी शिलाई चाचांच्या हातची असायचीच. आणि शिष्य भरतेश. वय चोविसाच्या आसपास, हात तयार, डोकं गरम. चाचांच्या हाताखाली काही वर्षं काढल्यावर त्याची एकच इच्छा उरली होती. एक अख्खं काम आपण एकट्यानं करायचं, आणि चाचांनी ते बघून एकदा तरी ‘वा’ म्हणायचं. बस. एवढंच.

आणि तशी संधी आली की! चाचा पुतणीच्या लग्नाला विजापूरला गेले होते, आणि नेमक्या त्या आठवड्यात शरयूताई आठल्ये आपली फियाट घेऊन दुकानासमोर उभ्या राहिल्या.

शरयूताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तरीच्या पुढं. गाडी त्यांची स्वतःची, तरुणपणी घेतलेली. ती जुनी, गोलमटोल फियाट. पुढं दोन वेगळ्या सीट नाहीत, एकच लांबलचक बाकडं. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला डावीकडं. सोबत मुलगा शिरीष होता, त्याची मोठी नवी कार मागं उभी.

“आजी, काय काम आहे?” भरतेशनं विचारलं.

“आजी कुणाला म्हणतोस रे? माझी तुझी ओळख झाली का अजून?”

“सॉरी, काकू.”

“हां. आता ऐक. माझा मणका बिघडलाय. डॉक्टर म्हणतात, ह्या स्प्रिंगच्या बाकड्यावर बसून गाडी चालवायची नाही. एकतर सीट बदला, नाहीतर गाडी सोडा. तर सीट बदल.”

शिरीष म्हणाला, “मी आईला म्हणतोय की माझी गाडी घे, नाहीतर ड्रायव्हर ठेवू. ऐकत नाही.”

“ड्रायव्हर लीलूकडे किती वेळ थांबेल रे? अर्ध्या तासानं हॉर्न वाजवायला लागेल.”

ही लीलू म्हणजे शरयूताईंची शाळेपासूनची मैत्रीण. तासगावच्या पुढं एका खेड्यात राहायची आणि अंथरुणाला खिळलेली होती. तिचे मुलगा-सून दिवसभर द्राक्षांच्या बागेत. शरयूताई दर मंगळवारी सकाळी गाडी काढायच्या, लीलूकडं जायच्या, तिला न्हाऊ-माखू घालायच्या, वेणी घालायच्या, पेपर वाचून दाखवायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून पुढं चालणं त्यांच्या मणक्याला जमणारं नव्हतं. म्हणजे फियाट बंद तर मंगळवार बंद. आणि मंगळवार बंद तर लीलूच्या केसांना आठवडाभर कुणाचा हात लागणार नव्हता. इतकी साधी गोष्ट होती.

भरतेशनं काम घेतलं. आणि काय काम केलं हो त्यानं! अपघातात मागून चेपलेल्या एका जवळजवळ नव्या गाडीच्या पुढच्या दोन सीट त्यानं शोधून आणल्या. कंबरेला आधार, मानेला आधार, पाठ मागं-पुढं करायचा खटका, उंची कमी-जास्त करायचा खटका. आता जुन्या गाडीची भोकं एकीकडं आणि नव्या सीटचे पाय भलतीकडं, म्हणून त्यानं मधे लोखंडी चौकट बनवली. जुन्या पत्र्याला एक नवीन भोक पाडलं नाही. सीट बरोबर स्टिअरिंगच्या मधोमध, दोरी लावून तपासलेली. वरून जुन्या गाडीला शोभेल असं तपकिरी रेक्झिन. जुनं बाकडं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

चाचा परत आले, तेव्हा फियाट धुऊन-पुसून उभी होती. भरतेश शेजारी असा उभा होता, जणू फोटोच काढायचाय.

चाचांनी दार उघडलं. सीट हलवून बघितली. चौकटीवरनं बोट फिरवलं. मग विचारलं, “बाई कशा बसायच्या, बघितलंस?”

“कशा म्हंजे? सीटवर बसायच्या, चाचा!”

“जुनी सीट कुठाय?”

“भंगारात दिली.”

“हं,” चाचा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

हं! एवढ्या मेहनतीवर ‘हं’! भरतेश दिवसभर फुगून बसला. मला तर वाटतं, जगातल्या निम्म्या शिष्यांची डोकी या ‘हं’नंच फिरलेली असतील.

पण शरयूताईंनी सगळी कसर भरून काढली. त्या सीटवर टेकल्या आणि डोळेच मिटले. “अरे, हे काय! अशी तर माझी घरातली खुर्चीसुद्धा नाही. शिरीष, मी आता रात्री इथंच झोपत जाईन.” भरतेशला पेढे दिले. गाडी घेऊन गेल्या. भरतेशनं चाचांकडं बघितलं, म्हणजे मुद्दामच बघितलं. चाचा सुईत दोरा ओवत होते.

थोडे दिवस गेले, आणि फियाट परत आली. पण या वेळी चालवत शिरीष होता. शरयूताई शेजारी बसलेल्या. डाव्या अंगाला पुढून मागपर्यंत लांब ओरखडा, डावा आरसा गायब.

भरतेश धावत आला. “काय झालं काकू? सीट सुटली का?”

“छे रे! सीट फर्स्ट क्लास आहे,” शरयूताई उतरत म्हणाल्या. चेहरा हसरा ठेवला होता, पण तो ठेवलेला आहे हे कळत होतं. “सीट चांगली आहे, गाडी चांगली आहे. बिघाड ड्रायव्हरमधे आहे. आधी घराच्या फाटकाला घासली. मग म्हटलं, असेल, होतं एखाद्या वेळी. परवा तासगाव रोडला एका सायकलवाल्याच्या इतकी जवळून गेले, की तो बिचारा खाली उतरला आणि मला हात जोडून म्हणाला, आजी, घरी बसा. मी घरी आले आणि किल्ली शिरीषच्या हातात दिली.”

“आईचं वय झालंय, चाचा,” शिरीष हळूच म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे हो. “तिनं स्वतःच ठरवलं. एखादं चांगलं गिऱ्हाईक असेल तर बघा. गाडी जपणारं.”

“आणि सीट त्यालाच फुकट,” शरयूताई म्हणाल्या. “दस्तगीरभाई, तुमच्या ह्या पोराच्या कामात काही खोट नाही बरं का. मीच म्हातारी झाले.”

“लीलूताईंना सांगितलं?” चाचांनी विचारलं. मंगळवारची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती.

शरयूताई म्हणाल्या, “उद्या मंगळवार आहे. फोन करून सांगेन.”

आता इथं कुणीही काय करेल? हळहळेल. चहा मागवेल. ‘होतं हो ताई, वय कुणाला चुकलंय’ असं म्हणेल. चाचांनी काय केलं? दुकानामागच्या मोकळ्या पटांगणात रंगाचे दोन रिकामे ड्रम उभे केले. मधे गाडी जेमतेम जाईल एवढीच जागा. आणि म्हणाले, “ताई, ह्याच्यातनं एकदा गाडी काढून दाखवा.”

“अहो, आत्ताच सांगितलं ना मी—”

“ड्रमच आहेत. हात जोडणार नाहीत.”

शरयूताई बसल्या. गाडी सुरू केली. मान उंच केली, मग खाली केली, मग डावीकडं वाकून बघितलं आणि हळूहळू गाडी पुढं घेतली. डावा ड्रम धाडकन आडवा झाला आणि गडगडत कुंपणापाशी गेला.

“झालं समाधान?” त्या म्हणाल्या. आता मात्र डोळ्यांत पाणी होतं.

भरतेशला चाचांचा असा राग आला! काय गरज होती? एक बाई आधीच खचलीय, तिला परत पाडून दाखवायचं?

आणि तेवढ्यात चाचा त्याला म्हणाले, “सीट काढ.”

“काय?”

“पुढची ड्रायव्हरची सीट. चौकटीसकट काढ.”

“चाचा, सीटचा काय संबंध? त्या स्वतः सांगतायत ना, सीट फर्स्ट क्लास आहे! ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“ऐकू येतंय. काढ.”

तर पाना गेला तो तेव्हा. रसवंतीच्या पत्र्यावर. मग बिचारा स्वतःच जाऊन घेऊन आला, रसवंतीवाल्याच्या दोन शिव्या खाल्ल्या, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत सीट काढायला बसला. सगळं पुटपुटणं इथं देत नाही. त्यातलं एकच सांगतो: “माझं एक काम ह्या माणसाच्या डोळ्यात मावत नाही.”

सीट निघाली. आता गाडीच्या आत नुसता पत्रा. चाचा दुकानात गेले आणि स्वतः शिवणकामाला बसायचे तो लाकडी पाट घेऊन आले. तो ठेवला पत्र्यावर. वर एक गोणपाट घडी करून टाकलं. मागं टेकायला रेक्झिनचे दोन गठ्ठे लावले. आणि सत्तरीच्या पुढच्या, मणका बिघडलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला म्हणाले, “बसा ताई.”

“चाचा!” शिरीष आणि भरतेश एकदमच ओरडले.

“थोडाच वेळ. दुखलं की उठायचं.”

शरयूताईंनी पाटाकडं बघितलं. “दस्तगीरभाई, मला गाडी चालवायचीय की जेवायला बसायचंय?” पण बसल्या. एकतर त्या हट्टी होत्या, आणि दुसरं म्हणजे आता गमावण्यासारखं काही उरलंय असं त्यांना वाटत नव्हतं. बसल्यावर डोकं जेमतेम स्टिअरिंगच्या वर आलं. रसवंतीवाला आता ग्लास पुसत पुसत कुंपणापाशी आला होता. शेजारचा पंक्चरवाला आला. भरतेशला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

“डोळे मिटा,” चाचा म्हणाले.

“देवाचं नाव घेऊ?”

“दुसरा गिअर टाका.”

शरयूताईंनी डोळे मिटून डावा हात उचलला. हात गिअरच्या दांड्याच्या खाली, हवेतच फिरला.

“उठा,” चाचांनी पाटावर फोमचा एक तुकडा टाकला. “बसा. डोळे मिटा. दुसरा गिअर.”

हात दांड्याला खालून लागला. परत उठा. खालचा एक फोम काढून पुठ्ठा घातला, वर गोणपाट. बसा. मिटा. टाका. परत उठा. शरयूताई कण्हत होत्या आणि बोलत होत्या, “मागच्या जन्मी मी तुम्हाला वर्गाबाहेर उभं केलं होतं का हो?” भरतेश दात-ओठ खात फोम कापून देत होता. शिरीष दोनदा म्हणाला, “चाचा, आता बास.” चाचा आपले पुठ्ठे घालतायत, काढतायत. बघणाऱ्याचाही जीव जाईल असा प्रकार.

आणि मग एकदा काय झालं, शरयूताईंनी डोळे मिटले, हात उचलला आणि तो सरळ जाऊन दांड्याच्या मुठीवर बसला. शोधला नाही, चाचपडला नाही. खट्. दुसरा गिअर. चाचा म्हणाले, “वायपर.” हात वायपरच्या बटणावर. “हॉर्न.” पॅऽऽम. पंक्चरवाला दचकला.

चाचा दाराशी वाकले. “ताई, तुम्ही डावीकडं सरकून बसलाय.”

“हो का?” त्यांनी खाली बघितलं. खरंच, पाटाच्या डाव्या काठाला, गाडीच्या मधल्या बाजूला चार बोटं सरकून बसल्या होत्या. “अगं बाई. ते... जुन्या बाकड्याची दाराकडची स्प्रिंग टोचायची ना. कितीतरी वर्षं.”

शिरीष एकदम म्हणाला, “खरंच! आम्ही लहानपणी आईला चिडवायचो. दाराशी कुणाला तरी जागा धरून ठेवल्यासारखी बसतेस म्हणायचो.”

“आता डोळे उघडा,” चाचा म्हणाले. “समोर काय दिसतंय?”

शरयूताईंनी डोळे उघडले. काचेच्या डाव्या कोपऱ्याकडं बोट केलं. “तो डाव्या मडगार्डचा उंचवटा. तो काचेच्या कोपऱ्यात टेकलाय. तो तिथंच असायचा. मी त्याच्यावरूनच अंदाज घेत गाडी काढायची. मला कधी कळलंसुद्धा नाही की मी त्याच्यावरून काढते. नव्या सीटवर तो पार मधे आला होता, दस्तगीरभाई. मला वाटलं, माझी नजरच गेली.”

चाचांनी ड्रम परत उभा केला. बोट-दोन बोटं जागा उलट कमीच ठेवली असेल. नुसता हात दाखवला.

फियाट निघाली. शरयूताईंनी मान उंच केली नाही, वाकून बघितलं नाही. पाटावर, गोणपाटावर, भाजीवाल्या बाईसारख्या बसलेल्या त्या, दोन ड्रमांच्या मधून अशा काही गेल्या, जणू तिथं ड्रम नव्हतेच. पटांगणाच्या टोकाला वळल्या आणि परत त्यातूनच आल्या. दुसऱ्या वेळी तर खिडकीतून हात बाहेर काढून ड्रमला टपली मारली.

रसवंतीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. शिरीष तोंड फिरवून चष्मा पुसत होता.

खूश नव्हता तो एकटा भरतेश. त्याचं तोंड असं झालं होतं, जणू सगळ्या सांगलीनं मिळून त्याला ढब्बू ठरवलंय. शरयूताईंना आतल्या खुर्चीवर पाठ टेकवून चहा दिल्यावर तो चाचांसमोर जाऊन उभा राहिला.

“म्हंजे माझं काम वाईट.”

“कुणी म्हटलं?”

“मग काय! नवी सीट काढली, पाट ठेवला, आणि त्या चालवायला लागल्या. आता काय, सगळ्यांच्या गाडीत पाट बसवू? कापूस भरू, काथ्या भरू? जुनं तेच चांगलं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“जुनं कसलं चांगलं? त्या बाकड्यानंच बाईंचा मणका खाल्ला,” चाचा म्हणाले. “सीट हीच बसणार. तुझीच.”

चाचांनी त्याला खाली बसवलं.

“हे बघ. तू गाडीचं माप घेतलंस, सीटचं घेतलंस. बाईंचं राहिलं. सीट खालनं वर बसवत नसतात. माणसाचे डोळे कुठं आहेत ते आधी बघायचं, आणि तिथनं खाली येत येत सीट बसवायची. बाईंचे डोळे इतकी वर्षं एका जागेवरनं रस्ता बघत होते. ती जागा त्यांच्या हाताला पाठ होती, म्हणून डोळे मिटायला लावून हातालाच विचारलं. तू पाठ सुखात ठेवलीस, पण डोळे उचलून भलत्या घरात नेऊन ठेवलेस. आता भलत्या घरात माणूस उंबऱ्याला अडखळणारच.”

“मग त्यांनी सांगायचं की तसं! सीट नीट नाही म्हणायचं! त्या तर पेढे घेऊन आल्या!”

“तीच तर गोष्ट आहे बाबा,” चाचा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचाही आवाज वैतागलेला वाटला, आणि तो भरतेशवरचा वैताग नव्हता. “सीट टोचली असती, तर त्यांनी सीटला शिव्या दिल्या असत्या. तुला, मला दिल्या असत्या. पण सीट मऊ होती. प्रेमानं दिलेली होती. मऊ वस्तूला कोण दोष देतं? मग त्यांनी तो स्वतःलाच दिला. आणि आपण सगळ्यांनी लगेच मान डोलावली. वय झालंय म्हणे.”

भरतेश उठला आणि ग्राइंडर सुरू केला.

त्यानं स्वतःच केलेली ती देखणी चौकट कापली. सीटच्या खालचा उंची बदलायचा सगळा खटका उतरवून टाकला आणि सीट जवळजवळ पत्र्याला टेकवली. पाटावरच्या थरांची उंची आधी पट्टीनं मोजली, मग शरयूताईंना दर थोड्या वेळानं बसवून, डोळे मिटायला लावून, गिअर टाकायला लावून परत तपासली. आणि सीट मधल्या बाजूला चार बोटं सरकवली. आता ती स्टिअरिंगच्या मधोमध नव्हती. बाहेरून कुणीही बघितलं तर म्हणालं असतं, कुठल्या अडाण्यानं वाकडी बसवलीय. हे करताना त्याच्या जिवाला किती यातना झाल्या ते विचारू नका. “वाकडं दिसतंय, वाकडं दिसतंय,” असं तो दर बोल्टला म्हणत होता.

“लोक हसतील, चाचा.”

“लोक आत बसणार नाहीत.”

ऊन उतरायला लागलं तेव्हा काम संपलं. शरयूताई नव्या सीटवर बसल्या, पाठ टेकवली, समोर बघितलं. मडगार्डचा उंचवटा कोपऱ्यात होता. त्यांनी भरतेशला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, आता शाबासकी.

“काय रे,” त्या म्हणाल्या, “मी हिच्यावर बसून खूश झाले, तेव्हा तुलाही बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. आणि आपण दोघं मिळून मला म्हातारी ठरवून मोकळे झालो. काय म्हणावं आपल्याला?”

“काकू, माझंच चुकलं.”

“माझंही चुकलं. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले, न कळलं तर हात वर करा. स्वतः केला का?” आणि मग शिरीषला म्हणाल्या, “किल्ली दे. तू बस शेजारी. आणि लीलूला कुणी फोन केला नाही ना? नका करू. आता कशाला?”

शिरीषनं किल्ली दिली. शेजारी जाऊन बसला. फियाट रस्त्याला लागली. पुढं एक ट्रॅक्टर, त्याच्या दोन ट्रॉल्या, पलीकडं केळीचा गाडा. फियाट मधून गेली आणि दिसेनाशी झाली.

चाचा आपला पाट झटकून आत घेऊन गेले. ‘वा’ वगैरे काही म्हणाले नाहीत. आणि गंमत म्हणजे भरतेशनं त्यांच्या तोंडाकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी एक टेम्पोवाला आला. सीट पार फाटलेली, स्पंज बाहेर आलेला. म्हणाला, “काढून टाका हे धूड, नवीन बसवा. घाई आहे.”

भरतेश पाना घेऊन आला, वाकला आणि थांबला.

“दादा, काढायच्या आधी एकदा बसा हिच्यावर,” तो म्हणाला. “रोज बसता तसे. घाईघाईत नको. मला बघू दे.”

आपल्याही घरात एखादं माणूस अचानक चुकायला लागलं, तर त्याचं वय मोजायच्या आधी, आपण अलीकडं प्रेमानं त्याच्या आयुष्यात कुठली मऊ गोष्ट नेऊन बसवली, ते एकदा बघावं.